खुलाशात काय लिहायचं? एका शिक्षिकेच्या आतड्याच्या आजाराचं प्रकरण

हे प्रकरण एका माध्यमिक शाळेतल्या विज्ञान शिक्षिकेचं आहे. वय ३४. सहा वर्षांपासून त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. आतड्याच्या जुनाट आजारांच्या रुग्णांसाठी मी समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे पुढे सांगितलेल्या सगळ्या काळात त्यांच्याशी माझं बोलणं होत होतं. त्यांच्या संमतीने हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधांचा उल्लेख घटना समजण्यापुरताच आहे. तो वाचून कुणी आपली औषधं बदलू नयेत.

पार्श्वभूमी

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि व्रण पडतात. सूज गुदाशयापासून सुरू होते. कुणाची तिथेच थांबते, कुणाची वर सरकत जाऊन अख्खं मोठं आतडं व्यापते. क्रोन्स हा याचाच भाऊबंद, पण तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. दोन्ही आजारांत शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. हे आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाहीत. अस्वच्छतेमुळे किंवा खाण्यातल्या एखाद्या चुकीमुळे होत नाहीत. मनावरच्या ताणाने त्रास वाढू शकतो, पण ‘टेन्शन घेतलं म्हणून झालं’ हे खरं नाही. पुष्कळ जणांना हा आजार ऐन तारुण्यात गाठतो, आणि मग तो आयुष्यभर सोबत राहतो: कधी शांत, कधी उफाळलेला.

उफाळतो तेव्हा रक्त आणि आव पडते, पोटात मुरडा येतो, थकव्याने पायऱ्या चढवत नाहीत, कधी सांधेही धरतात. यातलं बहुतेक सगळं माणूस कसंबसं सांगतो. एक गोष्ट सहसा डॉक्टरांनाही सांगत नाही. ती म्हणजे घाईची लागणं आणि वेळेत न पोहोचणं. या प्रकरणाच्या मुळाशी तीच गोष्ट आहे.

शिक्षिकेच्या आजाराची माहिती सहा वर्षांत दोघांनाच होती, नवरा आणि आई. निदान झालं त्या दिवशी आई म्हणाली होती, “अगं, हे काय चारचौघांत सांगण्यासारखं आहे का?” त्यात दुष्टपणा नव्हता, मुलीची काळजीच होती. पण ते वाक्य घराचा नियम होऊन बसलं. शाळेत त्यांनी अर्धशिशी असल्याचं सांगून ठेवलं होतं. डोकं दुखतं म्हटलं की कुणी पुढे काही विचारत नाही.

हे सांभाळायला किती कष्ट पडत होते ते हळूहळू बाहेर आलं. शाळा सुटेपर्यंत त्या काही खात नसत, म्हणजे पोट हलणार नाही. प्रत्येक मजल्यावरचं कुठलं स्वच्छतागृह कुठल्या वेळी रिकामं असतं ते त्यांना तोंडपाठ होतं. पर्सच्या तळाशी एका काळ्या पिशवीत कपड्यांचा जास्तीचा जोड असे, आणि पर्स कधी कुणाच्या हाती दिली जात नसे. झोपताना गुदमार्गाने मेसालामाइन या सूज कमी करणाऱ्या औषधाचा एनिमा घ्यायचा असे. तो घेऊन डाव्या कुशीवर पडायचं आणि औषध शक्यतो रात्रभर आत राहू द्यायचं. पण आठ वर्षांची मुलगी त्याच खोलीत झोपायची. तिच्यापासून लपवायचं म्हणून एनिमा आठवड्यातून कितीदा तरी चुकायचा.

आणि ती अर्धशिशी. शेजारच्या वर्गावरच्या मराठीच्या मॅडम मायाळू होत्या. आपल्या खणात डोकेदुखीच्या गोळ्या ठेवायच्या आणि यांचा चेहरा उतरलेला दिसला की पाण्याच्या ग्लासासकट गोळी पुढे करायच्या. गोळी आयब्युप्रोफेनची. या गटातल्या वेदनाशामकांनी काही रुग्णांचा आजार उफाळू शकतो, म्हणून त्या टाळायला सांगितलेलं असतं. हे शिक्षिकेला माहीत होतं. तरी त्या गोळी गिळत, कारण नको म्हणायला कारण हवं, आणि कारण सांगायचं नव्हतं. लपवण्यामुळे उपचारच कसा वाकडा होतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

अडचण कुठे उभी राहिली

वार्षिक परीक्षेच्या आधीचे काही आठवडे त्रास वाढत होता. डॉक्टरांना त्यांनी “थोडं कमी-जास्त चाललंय” एवढंच सांगितलं. शौचाच्या नमुन्यावर कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी करतात, तिच्यावरून आतड्यातल्या सुजेचा अंदाज येतो. ती करून घ्यायला सांगितलं होतं. पण डबी घेऊन प्रयोगशाळेच्या रांगेत उभं राहायचं त्यांच्या जिवावर आलं आणि तपासणी राहून गेली.

परीक्षेच्या एका दिवशी तीन तासांच्या पेपरला त्यांच्याकडे पर्यवेक्षण होतं. मध्यावर कळ आली. व्हरांड्यात कुणी नव्हतं. विद्यार्थ्यांना “शांत बसा” म्हणून त्या निघाल्या, आणि वेळेत पोहोचू शकल्या नाहीत. कपडे बदलून परत येईपर्यंत उपमुख्याध्यापक फेरीवर येऊन गेले होते. वर्गात मुलं होती, पर्यवेक्षक नव्हते.

दुसऱ्या दिवशी हातात पत्र पडलं: परीक्षा सुरू असताना विनापरवानगी वर्ग सोडल्याबद्दल लेखी खुलासा सादर करावा.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा खुलाशाचा कच्चा मसुदा सोबत होता. कागदाची आठ वेळा घडी घातलेली. सुरुवात अशी होती: ‘अचानक अर्धशिशीचा तीव्र झटका आल्यामुळे…’ वाक्य तिथेच तुटलं होतं. त्या म्हणाल्या, “तोंडी खोटं बोलण्याची सवय झालीय. पण हे सही करून द्यायचंय.”

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय त्या मसुद्याचाच होता. अर्धशिशी लिहायची, माफी मागायची, विषय संपवायचा. तो निभला असता, पण पुढच्या परीक्षेपर्यंतच. शिवाय आता खोटं कागदावर आलं असतं आणि पुढेमागे वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं गेलं असतं तर तोंडघशी पडायची वेळ आली असती.

दुसरा पर्याय नवऱ्याने सुचवला. ‘पोटाचा जुना विकार’ एवढं लिही, नाव नको, तपशील नको. मला हा पर्याय अगदीच टाकाऊ वाटला नाही. खोटं नाही आणि अब्रूही राहते. पण शिक्षिकेनेच त्यातली अडचण दाखवली. पोटाचा विकार म्हटल्यावर शाळा फार तर रजा देईल. त्यांना रजा नको होती. त्यांना हवं होतं ते इतकंच: तास चालू असताना पाच मिनिटांसाठी कुणीतरी वर्गात उभं राहावं. ते मागायचं तर शौचाची तातडी हे कारण सांगावंच लागतं.

तिसरा पर्याय फक्त मुख्याध्यापिकांना सगळं सांगण्याचा. चौथा, शिक्षक सभेत एकदाच सगळ्यांसमोर बोलून मोकळं होण्याचा. हा त्यांना एका संध्याकाळी फार आकर्षक वाटला. सहा वर्षांचं दडपण एका फटक्यात जाईल असं वाटतं तेव्हा मन तिकडे ओढतंच. मी त्यांना थांबायला सांगितलं. भडका चालू आहे, झोप नाही, खुलाशाची टांगती तलवार डोक्यावर आहे. अशा वेळी सगळ्यांपुढे बोललं की कुणाला किती सांगायचं यावर ताबा राहत नाही, आणि एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही.

पाचवा पर्याय नोकरी सोडण्याचा. तो त्यांनी बोलून दाखवला नाही, पण ‘घरी शिकवण्या घेतल्या तर?’ असं दोनदा विचारलं, त्यावरून कळलं.

बोलता बोलता शिंझो आबे यांचा विषय निघाला. जपानच्या या दिवंगत पंतप्रधानांना किशोरवयापासून हाच आजार होता. २००७ मध्ये राजीनामा जाहीर करतानाच्या पत्रकार परिषदेत त्यांनी स्वतः आजाराचा उल्लेख केला नव्हता. २८ ऑगस्ट २०२० रोजी मात्र त्यांनी आजाराचं नाव घेऊन राजीनामा जाहीर केला. मला वाटलं होतं याने धीर येईल. शिक्षिका थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “दोन्ही वेळा ते जात होते. मला सांगून तिथेच राहायचंय.”

या वाक्याने पुढची दिशा ठरली. पद सोडताना सांगणं आणि रोज त्याच लोकांत वावरायचं असताना सांगणं यांत फार अंतर आहे. राहायचं असेल तर प्रत्येकाला सांगताना त्याच्याकडून आपल्याला काय हवंय ते आधी ठरवावं लागतं.

काय केलं

सगळ्यात आधी डॉक्टरांना खरं सांगितलं: दिवसातून किती वेळा, रात्री किती वेळा उठावं लागतं, रक्त किती, कपडे किती वेळा खराब झाले, एनिमा किती चुकले, वेदनाशामक किती घेतल्या. हे सगळं त्यांनी घरून कागदावर लिहून नेलं आणि कागदच डॉक्टरांपुढे ठेवला, कारण तोंडाने सांगताना आपण पुन्हा ‘ठीक आहे’ म्हणू याची त्यांना खात्री होती. कॅलप्रोटेक्टिन बरंच वाढलेलं निघालं, रक्त कमी झालेलं होतं, कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासल्यावर, सूज पूर्वीपेक्षा वर सरकलेली दिसली. स्टिरॉइड सुरू झालं. त्या वेदनाशामकांमुळेच भडका उडाला असं म्हणता येत नाही, पण त्या त्याच दिवशी बंद झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव, तो संसर्गजन्य नसल्याचा उल्लेख आणि स्वच्छतागृहाला तात्काळ जाऊ देण्याची गरज, असं तीन ओळींचं पत्र दिलं.

मग आम्ही एका कागदावर तीन रकाने आखले. कोण, त्याला किती कळायला हवं, आणि मला त्याच्याकडून काय हवंय. मुख्याध्यापिकांच्या नावापुढे तिसरा रकाना झटकन भरला: स्वच्छतागृहाजवळची वर्गखोली, तातडीच्या वेळी बदली शिक्षक, आणि परीक्षेत एका वर्गाची पूर्ण जबाबदारी देण्याऐवजी राखीव पर्यवेक्षकाचं काम. मराठीच्या मॅडमच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, ‘वर्गाकडे लक्ष’. पेन तिथेच टेकवून थोड्या वेळाने पुढे लिहिलं, ‘माफी’. काही नावांपुढे तिसरा रकाना कोराच राहिला. त्या नावांना सध्या काही सांगायचं नाही असं ठरलं.

नंतर सराव. हा भाग वाचायला किरकोळ वाटेल, पण सगळ्यात जास्त वेळ याला लागला. ‘शौच’, ‘रक्त’, ‘कपडे खराब झाले’ हे शब्द मोठ्याने उच्चारायचे होते. सुरुवातीला प्रत्येक वेळी आवाज खाली जायचा आणि वाक्याचा शेवट ऐकूच यायचा नाही. मी त्यांना सांगितलं, पचनसंस्थेचा धडा शिकवताना ज्या आवाजात मोठं आतडं समजावता तोच आवाज लावा. ते जमलं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना स्वतःच्या आतड्याबद्दल बोलायला अखेर वर्गातलाच आवाज कामी आला.

खुलासा शेवटी असा गेला: ‘मला अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा जुनाट, संसर्गजन्य नसलेला आजार आहे. तो उफाळलेला असताना शौचाची तातडी अचानक येते व ती रोखता येत नाही. परीक्षेच्या दिवशी याच कारणाने मला वर्ग सोडावा लागला. माझ्या आजाराची कल्पना मी शाळेला दिलेली नव्हती, त्यामुळे बदली पर्यवेक्षकाची सोय होऊ शकली नाही. वर्ग पर्यवेक्षकाविना राहिला याबद्दल मी दिलगीर आहे. असं पुन्हा घडू नये म्हणून सोबत तीन विनंत्या करत आहे.’ दिलगिरी वर्ग रिकामा राहिल्याची आहे, आजाराची नाही. हा फरक त्यांनी स्वतः नीट विचार करून राखला.

खुलासा टपालात न टाकता त्यांनी मुख्याध्यापिकांच्या हातात दिला आणि समोर बसून बोलल्या. मुख्याध्यापिकांनी पहिला प्रश्न विचारला, “मुलांना काही होणार नाही ना?” दुसरा, “म्हणजे बरं कधी होणार?” दोन्ही प्रश्नांची तयारी झाली होती. नाही, लागत नाही. आणि औषधांनी आजार शांत राहतो, वर्षानुवर्षंसुद्धा राहू शकतो, पण मुळासकट जात नाही. मोठं आतडं काढून टाकण्याची शस्त्रक्रिया असते, पण ती सरसकट सगळ्यांना करत नाहीत आणि तिचे स्वतःचे परिणाम असतात. मुख्याध्यापिकांनी तिन्ही विनंत्या मान्य केल्या. त्यांच्या बाजूने हे सगळं सरळ झालं, हे नोंदवायलाच हवं.

शेजारच्या वर्गाची योजना दोघी मॅडमनी मिळून आखली. तातडी आली की वर्गाच्या मॉनिटरने हजेरीपट घेऊन शेजारच्या वर्गात जायचं. हजेरीपट दिसला की मराठीच्या मॅडम व्हरांड्यात येऊन दोन्ही दारांच्या मध्ये उभ्या राहणार. कुणी काही बोलायचं नाही, विचारायचं नाही. मुलांच्या दृष्टीने बाई हजेरीपट पाठवतात, एवढंच.

पण मराठीच्या मॅडमशी झालेलं बोलणं सोपं गेलं नाही. त्यांना आजाराचं काहीच वाटलं नाही. वाटलं ते खोट्याचं. “मी तुम्हाला गोळ्या देत होते. त्या तुम्हाला अपायकारक होत्या आणि तुम्ही मला कळू दिलं नाहीत. तुम्हाला काही झालं असतं तर ते माझ्या हातून झालं असतं.” हे ऐकून शिक्षिका हादरल्या. आपण फक्त स्वतःचं झाकतोय असंच त्यांना वाटत आलं होतं.

माहिती फुटली तेव्हा

मुख्याध्यापिकांनी उपमुख्याध्यापकांना आणि वेळापत्रक लावणाऱ्या शिक्षकांना कारण सांगितलं. खोली बदलायची तर सांगावं लागलं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य होतं. पण शिक्षिकेला विचारलं नव्हतं. काही दिवसांत शिक्षक खोलीत कुजबुज सुरू झाली. कुणी मूळव्याध म्हणत होतं. कुणी थेट कर्करोगावर गेलं. त्याला स्टिरॉइडने सुजलेल्या चेहऱ्याची जोड मिळाली. सुजेचं कारण माहीत नसलेले लोक अंदाजच बांधणार.

दुसरा मोठा निर्णय इथे घ्यायचा होता. मुख्याध्यापिकांना जाब विचारायचा, गप्प बसून वावटळ निघून जाऊ द्यायची, की आपणच बोलायचं? त्यांचा संताप रास्त होता. पण अफवा पसरल्यावर गप्प राहिलं तर लोकांनी रचलेली गोष्टच खरी ठरते, असं त्यांचं मत पडलं आणि मलाही ते पटलं. पहिल्या आठवड्यात नको वाटलेला चौथा पर्याय आता योग्य झाला होता, कारण मधल्या काळात औषध लागू पडलं होतं, झोप मिळत होती आणि बोलायचे शब्द तयार होते.

शिक्षक सभा संपताना त्यांनी दोन मिनिटं मागून घेतली. आजाराचं नाव सांगितलं. लागत नाही हे सांगितलं. चेहरा औषधाने सुजलाय आणि मात्रा कमी झाली की उतरेल, हे सांगितलं. मग शेवटचं: “मला उपाय सुचवू नका, मी उपचार घेते आहे. तास चालू असताना मी घाईने बाहेर पडले तर वर्गाकडे फक्त एक नजर टाका.” शौचाच्या वेळा, रक्त, परीक्षेच्या दिवशी नेमकं काय झालं, यातलं काहीही त्यांनी सांगितलं नाही. उघडपणे बोलायचं म्हणजे सगळंच्या सगळं मांडायचं असं नसतं, आणि हे त्यांनी फार छान सांभाळलं.

उपाय तरीही आले. काढे, उपवास, कुणाच्या तरी ओळखीतला हमखास गुण देणारा माणूस. एक सहकारी त्या दिवसापासून वरच्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहात जाऊ लागल्या, आणि त्या अजून तिकडेच जातात. बहुतेकांनी मात्र ऐकलं, मान डोलावली आणि ते आपल्या कामाला लागले. वर्षानुवर्षं ज्या क्षणाची धास्ती घेतली तो इतक्या साधेपणाने पार पडला, याचं शिक्षिकेला समाधान वाटलं आणि थोडा रागही आला.

घरातली बाजू

शाळेच्या धबडग्यात मुलगी मागे राहिली होती. तीन रकान्यांच्या कागदावर तिचं नावच नव्हतं. ती लहान आहे, तिला काही कळत नाही, असं दोघं आईवडील धरून चालले होते. एनिमा रोज घ्यायचा तर तिला काहीतरी सांगणं भाग होतं, म्हणून एका रात्री आईने विषय काढला. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तू माझ्यावर रागावून आत जाऊन बसत नव्हतीस?”

आई अर्धा-अर्धा तास दार लावून आत बसते, बाहेरून हाक मारली तर तुटक उत्तर देते, बाहेर येते तेव्हा चेहरा ओढलेला असतो. मुलीने याचा अर्थ तिच्या परीने लावला होता. लपवलेलं मुलांना दिसतंच, फक्त कारण माहीत नसल्यामुळे ती ते स्वतःवर ओढून घेतात. त्या रात्रीनंतर एनिमा चुकणं जवळजवळ थांबलं. मुलीला त्यात विशेष काही वाटत नाही. आईचं औषध आहे, ते झोपून घ्यायचं असतं.

शिक्षिकेच्या आईचं मत मात्र बदललेलं नाही. नातेवाइकांना ती आजही ‘हिला अल्सर आहे’ असंच सांगते. शिक्षिकेने ते दुरुस्त करायचं नाही असं ठरवलं आहे. आईकडून त्यांना त्या बाबतीत काही नको आहे. रकाना कोराच आहे.

परिणाम

बोलल्यामुळे आतडं बरं झालं, असं मी म्हणणार नाही. स्टिरॉइडची मात्रा कमी करताना आजाराने पुन्हा डोकं वर काढलं. क्षयरोगाची तपासणी करून इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिकारयंत्रणेला आवर घालणारं बायोलॉजिक औषध शिरेतून सुरू झालं आणि त्याने आराम पडला. पण बोलल्यामुळे उपचार नीट घेता आला, हे मात्र ठामपणे म्हणता येतं. औषध चढवण्याच्या दिवसांसाठी रजेचा अर्ज सरळ त्या कारणाने जातो. दुपारी त्या शाळेत जेवतात. रक्ताची पातळी सुधारली आहे. शौचाचा नमुना स्वतः प्रयोगशाळेत नेऊन देतात.

हजेरीपटाची गरज आता क्वचित पडते. सोय आहे एवढं माहीत असलं तरी घाईची भीती कमी होते, असं त्या सांगतात, आणि इतर रुग्णांकडूनही मी हे ऐकत आले आहे.

एक परिणाम कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. प्रशिक्षण शिबिरासाठी दरवर्षी जाणाऱ्या शिक्षकांत त्यांचं नाव असे, या वर्षी नव्हतं. विचारल्यावर उत्तर आलं, “प्रवासात तुम्हाला त्रास नको म्हणून.” हेतू चांगला होता, पण निर्णय त्यांचा होता आणि तो परस्पर घेतला गेला. त्यांनी लेखी विनंती करून नाव घालायला लावलं आणि त्या जाऊन आल्या. सहानुभूती मिळाली की संधी हातची जाऊ शकते. आजार उघड करणाऱ्याने याची तयारी ठेवायला हवी.

मराठीच्या मॅडमशी मैत्री टिकली आहे. खणातल्या गोळ्या मात्र त्या आता कुणालाच देत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट वेळेची. मधल्या सहा वर्षांत आजार दीर्घकाळ शांत होता. मुख्याध्यापिकांशी तेव्हा बोलणं झालं असतं तर ते विनंतीच्या रूपात झालं असतं, खुलाशाच्या रूपात नाही. पण त्रास नसताना सांगायची गरजच वाटत नाही आणि त्रास असताना ताकद नसते, त्यामुळे बहुतेकांचं असंच होतं. आता आजार शांत झाला की पहिल्याच भेटीत मी हा विषय काढते.

दुसरी गोष्ट माहिती कुठपर्यंत जाणार याची. मुख्याध्यापिकांना सांगतानाच ‘हे आणखी कुणाला कळणं गरजेचं आहे, आणि त्यांना कोण सांगेल?’ असं विचारलं असतं तर निदान कर्करोगाची अफवा उठली नसती. तोंडी विचारायला अवघड वाटत असेल तर पत्रातच एक ओळ घालावी की ही माहिती अमुक दोघांपुरती आहे, बाकीच्यांना सांगायचं की नाही ते मी ठरवीन.

तिसरी, दवाखान्यातल्या प्रश्नांची. ‘त्रास कसा आहे?’ या प्रश्नाला माणूस ‘ठीक’ म्हणतो. ‘गेल्या आठवड्यात घाईच्या भीतीने कुठे जायचं टाळलंत? कपडे खराब झाले का? डोकेदुखीसाठी काही घेता का?’ असं विचारलं की खरं बाहेर येतं. पुढचा माणूस हे शब्द सहज उच्चारतो आहे हे दिसल्यावर रुग्णाचीही जीभ सैल होते.

चौथी, मुलीची. तिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

या प्रकरणावरून सगळ्यांनी सगळीकडे सांगावं असा निष्कर्ष कुणी काढू नये. शिक्षिकेची नोकरी कायम होती, वरिष्ठ समंजस होत्या, नवरा सोबत होता. कंत्राटावर काम करणाऱ्याचं, नव्याने लागलेल्याचं, ज्याचा वरिष्ठ हे पुढे वापरू शकतो त्याचं गणित निराळं असतं. तिथे ‘पोटाचा जुना विकार’ आणि डॉक्टरांचं पत्र यावर थांबणं शहाणपणाचं ठरू शकतं. डॉक्टरांपासून लपवणं मात्र कुठल्याच परिस्थितीत परवडत नाही.

विद्यार्थ्यांना सांगायचं का, हा प्रश्न अजून खुला आहे. शिक्षिकेचा सध्याचा कल नाही म्हणण्याकडे आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या वर्गात टोपणनाव पडायला वेळ लागत नाही, आणि मुलांकडून मागायचं असं काही शिक्षिकेकडे नाही.

मुख्याध्यापिका पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत, म्हणजे हे सगळं नव्याने सांगावं लागणार. पत्राचा मसुदा शिक्षिकेने आत्ताच, आजार शांत असताना, करून ठेवला आहे. तिन्ही विनंत्या त्यात तशाच आहेत. चौथी नवीन आहे: कुठल्याही कामातून माझं नाव वगळण्याआधी मला विचारावं. आणि माहिती कुणाकुणाला कळेल हा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात आहे.